आमच्या लेकीनं मेकॅनिकल घेतलं



आम्ही बारा जणी. गटाला चौदा वर्षं झाली. दर महिन्याच्या पाच तारखेला समाजमंदिरात बसतो, बचत गोळा करतो, कर्ज देतो, हप्ते घेतो. आमची मसाला दळायची एक गिरणीही आहे. मिरची, हळद, धने, काळा मसाला असं सगळं तिच्यावर निघतं. आज आम्ही मसाल्याबद्दल बोलणार नाही, पण त्या गिरणीचं नाव मध्ये मध्ये येईल, कारण ही सगळी गोष्ट तिच्यापासूनच सुरू झाली.

आज बोलायचंय ते मुलींच्या डिप्लोमाबद्दल, आणि तोही मेकॅनिकलच्या. आम्ही त्यातल्या जाणकार नाही. आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी तीन वर्षं हे शिकली आणि तिच्याबरोबर आम्हीही थोडं शिकलो. कुठे चुकलो तेही सांगणार आहोत. जवळ वही-पेन असेल तर घेऊन बसा. मध्ये कागदपत्रांची यादी येईल, ती लिहून घ्या.

२०२२ सालचा जून महिना होता. बैठक संपत आली होती. तेवढ्यात त्या ताई म्हणाल्या, "पोरगी मेकॅनिकलला जायचं म्हणतीय. तीन वर्षांचा डिप्लोमा आहे. मला गटातून कर्ज पाहिजे."

सगळ्या एकदम बोलायला लागल्या. एक वहिनी म्हणाल्या, "मेकॅनिकल म्हणजे गाड्या दुरुस्त करणार का?" एक काकू म्हणाल्या, "हात काळे झालेली सून कोण करून घेईल?" कुणी म्हणालं, नर्सिंगला घाला. कुणी म्हणालं, डी.एड. करा. आणि आमच्यातली जी शिकलेली म्हणवते, बी.ए. झालेली आहे, गटाचे हिशोब लिहिते आणि आज तुमच्याशी बोलते आहे, तीसुद्धा म्हणाली, "पोरीनं कॉम्प्युटर घ्यावं. पंख्याखाली बसून काम." बाकीच्या जणींनी मान डोलावली. शिकलेलीचं बोलणं चटकन पटतं, त्यात हा धोका असतो.

मुलगी दाराशीच उभी होती. तिला आत बोलावलं आणि विचारलं, तुला हेच का? ती म्हणाली, "मावशी, तुमची गिरणी बंद पडली की तुम्ही चार-चार दिवस तालुक्याच्या मिस्त्रीची वाट बघता. तो येतो, नट फिरवतो, पैसे घेतो. त्यानं काय केलं ते तुम्हाला कळत नाही. मला ते कळायला पाहिजे."

यावर कुणाला बोलता येईना. त्या मोसमात गिरणी तीन वेळा बंद पडली होती, ती आमच्या सगळ्यांच्या खिशाला लागली होती.

आता थोडं समजून घेऊया, की मेकॅनिकल म्हणजे काय. सोप्या भाषेत सांगायचं तर जे फिरतं, हलतं, उचलतं, दाबतं, कापतं, ते सगळं त्यात येतं. विहिरीवरचा पंप, पिठाची गिरणी, कडबाकुट्टी, ट्रॅक्टर, एसटीचं इंजिन, साखर कारखान्यातला उसाचा रस काढणारा रुळ, दूध थंड ठेवणारं यंत्र. ते बनवायचं कसं, त्याचा प्रत्येक भाग मापात कसा कापायचा, ते झिजतं का, बिघडलं तर कुठून बघायला सुरुवात करायची, हे तिथं शिकवतात. आपल्या घराभोवती बघा, दिवसभरात आपला हात किती यंत्रांना लागतो. वापरतो आपण, पण उघडून दुरुस्त करणारा बहुतेक वेळा पुरुषच असतो.

दहावीनंतर दोन मुख्य वाटा आहेत. पहिली आयटीआय. तिथं एकच धंदा हाताला पक्का बसवतात. फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे दोन वर्षांचे, वेल्डर एक वर्षाचा. दुसरी वाट पॉलिटेक्निक, म्हणजे तंत्रनिकेतन. तिथला डिप्लोमा तीन वर्षांचा, सहा सेमिस्टरचा. त्याच्या परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेतं. प्रवेश तंत्रशिक्षण संचालनालयाच्या ऑनलाइन पद्धतीनं, फेऱ्याफेऱ्यांनी होतात. दहावीला निदान ३५ टक्के लागतात, पण चांगल्या सरकारी तंत्रनिकेतनात जागा मिळायची तर टक्के जास्त पाहिजेत. मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत. मेकॅनिकलला मुली कमी येतात, म्हणून तिथं मुलींना जागा मिळणं बहुधा सोपं जातं. हे आम्हाला आधी माहीत नव्हतं.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. या वाटा बंद गल्ल्या नाहीत. दोन वर्षांचा आयटीआय करून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. म्हणजे आज पैसे नाहीत म्हणून आयटीआय केला, तरी पुढचं दार उघडं राहतं.

आणि ज्या मुलांचं शाळेत मनच रमलं नाही, त्यांच्यासाठीही वाट आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ गाव आहे. तिथं डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथं मूलभूत ग्रामीण तंत्रज्ञानाचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे. वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती, पशुपालन, अन्नप्रक्रिया असं सगळं हातानं करून शिकायचं. आधी हात चालवायचा, मग पुस्तक उघडायचं, अशी तिथली रीत.

आता आमच्या चुकीकडे येतो.

कर्जावर त्या दिवशी निर्णय झाला नाही. आमच्या नियमाच्या वहीत लिहिलं होतं, कर्ज शेतीला, धंद्याला, आजारपणाला आणि लग्नाला. शिक्षणाला असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. तोपर्यंत आम्ही लग्नासाठी किती कर्जं दिली ते मोजलं तर बोटं पुरत नाहीत. मुलीच्या शिक्षणाला एकही नाही. वही उघडून बघितली तेव्हाच हे आमच्या ध्यानात आलं. पुढच्या महिन्याला हात वर करून मत घेतलं. आठ जणी बाजूनं, चार जणी विरुद्ध. चाळीस हजार रुपये, महिना शेकडा एक रुपयानं. नियमाच्या वहीत तेव्हा एक ओळ वाढवली.

पण या भांडणात महिना गेला. तो महिना कागद गोळा करण्याचा होता. मुलगी इतर मागास प्रवर्गातली. तिचा जातीचा दाखला होता, नॉन क्रिमीलेअरचा नव्हता. आम्हाला वाटलं, दाखला आठ दिवसांत मिळतो. अर्ज केला तेव्हा कार्यालयात रांग लागलेली, सर्व्हर बंद, सही करणारे साहेब रजेवर. मुदतीच्या आत दाखला हातात आला नाही. मग तिला खुल्या प्रवर्गातून प्रवेश घ्यावा लागला, खासगी तंत्रनिकेतनात, घरापासून पन्नास किलोमीटरवर, पूर्ण फी भरून. एका दाखल्यामुळे पहिल्या वर्षाची सवलत गेली. ती चूक पोरीची नव्हती आणि कार्यालयाचीही सगळी नव्हती. आम्ही उशिरा जागे झालो.

म्हणून आता यादी लिहून घ्या. दहावीची गुणपत्रिका. शाळा सोडल्याचा दाखला. अधिवास म्हणजे डोमिसाइल. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. जातीचा दाखला, लागू असेल त्याला जात पडताळणी आणि नॉन क्रिमीलेअर. मुलीच्या स्वतःच्या नावाचं बँक खातं, आधारला जोडलेलं. शेवटची गोष्ट किरकोळ वाटते, पण शिष्यवृत्ती थेट खात्यात येते आणि खातं आधारला जोडलेलं नसेल तर पैसे अडकतात. हे सगळं दहावीच्या निकालानंतर नाही, मुलगी नववीत असतानाच सुरू करा. जात पडताळणीला तर महिनेच्या महिने लागतात.

पैशांच्या मदतीच्या काही योजना सांगतो. महाराष्ट्र शासनानं जुलै २०२४ मध्ये निर्णय घेतला, की आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या ज्या मुलींच्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे, त्यांची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी शासन पूर्ण भरेल. त्याआधी निम्मी मिळायची. पण प्रवेश सरकारी प्रवेश प्रक्रियेतूनच झालेला पाहिजे. संस्थेच्या कोट्यातून घेतला तर सवलत नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. या सगळ्यांचे अर्ज महाडीबीटीवर भरायचे. शिवाय अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची 'प्रगती' नावाची शिष्यवृत्ती फक्त मुलींसाठी आहे. निवड झाली तर वर्षाला ५० हजार रुपये, एका कुटुंबातल्या दोन मुलींपर्यंत. वसतिगृहात राहणाऱ्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. नियम वरचेवर बदलतात, म्हणून त्या त्या वर्षी जवळच्या तंत्रनिकेतनातल्या सुविधा केंद्रावर जाऊन विचारा. ऐकीव माहितीवर राहू नका. अगदी आमच्याही.

प्रवेश झाला. पहिल्या दिवशी मुलगी वर्गात गेली तर साठ जणांत मुली चार. संध्याकाळी फोनवर म्हणाली, "आई, शिक्षकांनी मला दोनदा विचारलं, तू चुकून या वर्गात आलीस का?"

दुसऱ्या आठवड्यात कार्यशाळा सुरू झाली. तिथं पहिला धडा यंत्राचा नव्हता, कपड्यांचा होता. ओढणी काढायची. बांगड्या काढायच्या. गळ्यातलं, बोटातलं काढायचं. केस बांधून टोपीखाली. अंगात खाकी ॲप्रन, पायात जाड बूट. लेथ चालू असताना हातमोजेही चालत नाहीत, कारण फिरत्या भागात मोजा अडकला तर तो हाताला आत ओढतो. हे ऐकून तिची आजी बसल्या जागी म्हणाली, "बांगड्या काढायला लावणारं कसलं आलंय शिक्षण!" घरात दोन दिवस अबोला होता. शेवटी मुलीनं आजीला विचारलं, "आजी, उसाच्या चरकात हात गेलेली बाई तू बघितलीस ना?" आजीनं बघितली होती. मग आजी म्हणाली, "काढ बाई. घरी आलीस की घाल."

पहिलं काम म्हणजे लोखंडाचा एक तुकडा कानशीनं घासून सरळ करायचा. त्याला तिथं 'जॉब' म्हणतात. ऐकायला सोपं आहे. तुकडा व्हाइसमध्ये पकडायचा, दोन्ही हातांनी कानस धरायची, पुढे जाताना दाब द्यायचा, मागे येताना सोडायचा. दर थोड्या वेळानं गुण्या लावून उजेडासमोर धरायचं. गुण्या आणि लोखंड यांच्या मधून उजेड दिसला तर काम चुकलं. पोरीच्या तळहातांना फोड आले. पहिला जॉब शिक्षकांनी परत दिला. दुसराही परत दिला. तिसरा घेतला. त्या रविवारी ती घरी आली तेव्हा फोड बघून आई रडली आणि पोरगी तो तुकडा दाखवत होती. आम्ही सगळ्यांनी तो हातात घेऊन बघितला. आम्हाला तो साधा लोखंडाचा चौकोन दिसला. तिनं दाराकडे धरून दाखवला, "बघा, कुठून उजेड येतो का?" नव्हता येत.

मग मापं आली. आपण पापड लाटतो तेव्हा जाड-पातळ बोटाला कळतं, पण किती ते सांगता येत नाही. तिथं मायक्रोमीटर नावाचं साधन असतं. मिलिमीटरचा शंभरावा भाग त्यानं मोजता येतो. तिनं एकदा ते कार्यशाळेत असताना स्वतःच्या केसाला लावून बघितलं. आमच्या गटातल्या एका मावशी म्हणाल्या, "एवढं बारीक कशाला मोजायचं?" त्याचं उत्तर आम्हाला पुढे गिरणीनं दिलं.

सगळं गोड चाललं असं समजू नका. पहिल्या वर्षी गणितात ती नापास झाली. डिप्लोमात त्याला केटी म्हणतात, म्हणजे पुढे जाता येतं पण तो विषय परत द्यावा लागतो. आठवी-नववीत तिचं गणित कच्चं राहिलं होतं आणि पुस्तकं इंग्रजीत. ती म्हणाली, "मला हातानं येतं, लिहून येत नाही." ती सोडून देणार होती. आम्ही तिला शिकवू शकत नव्हतो. पण एक केलं. गावातले एक निवृत्त गणिताचे गुरुजी आहेत, त्यांच्याकडे आम्ही चार जणी गेलो. दर रविवारी दोन तास त्यांनी शिकवलं. पैसे घेतले नाहीत, मसाला मात्र घेतला. इंग्रजीसाठी तिनं एक वही केली. डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला मराठीत अर्थ, आणि जमेल तिथं चित्र. त्या वहीची आठवी की नववी आवृत्ती आता धाकट्या मुली वापरतात. गणित दुसऱ्या खेपेला सुटलं.

आपल्याला वाटतं, यंत्राचं शिक्षण ही शहरातली गोष्ट. तसं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या माळावर, कुंडल रोड स्टेशनजवळ कारखाना काढला. आज ती किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात आहे. तिथं बनत होतं काय, तर लोखंडी नांगर आणि कडबा कापायचं यंत्र. म्हणजे शेतकऱ्याच्या घरातलीच वस्तू. पुढे १९३० साली त्याच किर्लोस्करांकडून 'स्त्री' मासिक निघालं. नांगर आणि बायकांचं मासिक एकाच घरातून आलं, हे आम्हाला फार आवडलं.

आणि बाईनं मेकॅनिकल शिकणं हेही नवं नाही. बंगालमध्ये इला मजुमदार नावाच्या बाई १९५१ साली शिबपूरच्या कॉलेजातून मेकॅनिकल इंजिनिअर झाल्या. पुढे कोलकात्यात मुलींच्या पॉलिटेक्निकच्या त्या पहिल्या प्राचार्य. १९७४ च्या सुमारास टेल्कोची नोकरीची जाहिरात आली होती, 'महिलांनी अर्ज करू नये' अशी. सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं. त्यांना मुलाखतीला बोलावलं आणि नोकरी मिळाली. पन्नास पैशांचंही नसेल ते कार्ड. पण लिहावं लागलं.

आता गिरणीची गोष्ट.

दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीत पोरगी घरी आली होती. नेमकी तेव्हाच गिरणी गरम व्हायला लागली, घरघर आवाज करायला लागली. वर्षभरात तीन वेळा बेअरिंग बदललं होतं. पट्टा घसरला की आम्ही काय करायचो, मोटारीचे बोल्ट सैल करून मोटार मागे ओढायची, पट्टा ताणून घट्ट करायचा. आम्हाला वाटायचं, घट्ट म्हणजे मजबूत.

तिनं आधी मेन स्विच बंद केला आणि फ्यूज काढून आपल्या खिशात ठेवला. "खिशात का?" तर म्हणाली, "मी काम करताना कुणी चालू करायला नको म्हणून." मग पट्टा हातात घेऊन बघितला. एकाच बाजूची कड झिजलेली होती, दुसरी बाजू चांगली. तिनं आईकडून सुती दोरी मागितली. दोरीचं एक टोक गिरणीच्या पुलीच्या कडेला धरलं, दुसरं मोटारीच्या पुलीच्या कडेला, आणि ताणली. म्हणाली, "बघा, दोरी दोन्ही पुल्यांच्या दोन्ही कडांना, म्हणजे चार ठिकाणी टेकली पाहिजे." ती तीनच ठिकाणी टेकत होती. चौथ्या ठिकाणी बोट जाईल एवढी फट. मोटार तिरकी बसली होती. तिरक्या पुलीवर पट्टा एका कडेला घासतो आणि घसरतो. घसरला की आम्ही ताणायचो. ताणला की सगळा ओढा बेअरिंगवर. बेअरिंग तापायचं आणि जायचं. मिस्त्री बेअरिंग बदलायचा, मोटार तशीच तिरकी. आम्ही परत ताणायचो.

म्हणजे तायांनो, गिरणी आमच्याच हातानं बिघडत होती. तीन वेळा आम्ही त्याचे पैसे मोजले.

तिनं मोटार सरळ केली, दोरी चारही ठिकाणी टेकवली. पट्टा किती ताणायचा त्याचं सोपं माप दिलं. दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्यानं दाबायचं. दोन पुल्यांमध्ये एक मीटर अंतर असेल तर पट्टा साधारण दीड सेंटिमीटर दबला पाहिजे. अजिबात दबत नसेल तर फार घट्ट आहे. ग्रीसचंही तसंच. आम्ही बेअरिंगला लोण्यासारखं ग्रीस थापायचो. जास्त ग्रीसनंही बेअरिंग तापतं, हे तेव्हा कळलं. तुमच्याकडे गिरणी, कांडप, शेवयांचं यंत्र, कडबाकुट्टी जे असेल, त्याला आज दोरी लावून बघा. आधी वीज बंद करा, फ्यूज काढा, मगच हात घाला.

काम झाल्यावर तिनं स्विच लावला नाही. म्हणाली, "जाळी कुठंय?" पट्ट्यावरची लोखंडी जाळी आम्ही केव्हाच काढून कोपऱ्यात टाकली होती. सारखी काढा-घाला करायचा कंटाळा. ती म्हणाली, "जाळी लावल्याशिवाय मी गिरणी चालू करणार नाही." एक वहिनी रागावल्या, दिवाळीची मिरची खोळंबली होती. तेव्हा कोपऱ्यातून त्याच काकू बोलल्या, ज्या हात काळे झालेल्या सुनेबद्दल बोलल्या होत्या. आदल्या महिन्यात त्यांचा पदर पट्ट्यात गेला होता. पदराला पिन लावलेली नव्हती म्हणून लुगडं सुटलं आणि त्या बाजूला पडल्या. पिन असती तर मान आत गेली असती. त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं, घरीही नाही. "सांगितलं असतं तर कामावर येऊ दिलं नसतं," असं म्हणाल्या. गिरणीच्या खोलीत कुणीच बोललं नाही. मग दोघी जणींनी जाळी उचलून आणली.

तेव्हापासून आमच्याकडे गिरणीची एक वही आहे, जशी बचतीची असते तशी. कोणत्या तारखेला ग्रीस, कोणत्या तारखेला पट्टा बघितला, कुणी बघितला, सही. गिरणीवर ॲप्रन घालायचा, पदर आत खोचायचा, केस बांधायचे. त्या दिवाळीनंतर बेअरिंग एकदाच बदललं, तेही झिजलं म्हणून.

पोरीचा डिप्लोमा २०२५ मध्ये पूर्ण झाला. शिकता शिकता काही आठवडे कारखान्यात प्रशिक्षण असतं, तेही केलं. आता ती एका औद्योगिक वसाहतीत शिकाऊ उमेदवार म्हणून काम करते. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ पासून आहे, त्यात दरमहा विद्यावेतन मिळतं. ते फार नसतं. खोलीचं भाडं, जेवण जाऊन थोडंच उरतं. रात्रपाळीचा प्रश्न आहे. स्वच्छतागृह दुसऱ्या टोकाला आहे. लग्नाची दोन स्थळं येऊन गेली. एकानं विचारलं, "लग्नानंतर हे सोडणार ना?" तिनं नाही म्हटलं. तिच्या आईला झोप लागत नाही. आम्ही तिला काय सांगणार? सोबत बसतो. सगळं नीट झालं असं आम्ही म्हणत नाही. एवढंच म्हणतो, की तिच्या हातात जे आलंय ते कुणाला काढून घेता येणार नाही.

तुमच्या गटात अशी मुलगी असेल तर या चार गोष्टी करा. एक, कॉलेज निवडण्याआधी स्वतः जाऊन बघा. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता आहे का विचारा. बाजारात सहा महिन्यांचे 'डिप्लोमा' देणारी दुकानं पुष्कळ आहेत, त्या कागदावर पुढचा प्रवेश मिळत नाही. दोन, कार्यशाळेत जा. यंत्रं चालू आहेत की धूळ खात आहेत ते बघा. मुलींचं स्वच्छतागृह कुठे आहे, वसतिगृह आहे का, शेवटची एसटी किती वाजता, ते शिक्षकांना विचारू नका, तिसऱ्या वर्षाच्या मुलींना विचारा. तीन, नियमाच्या वहीत शिक्षणाच्या कर्जाची ओळ आहे का बघा. नसेल तर या महिन्यातच घाला. चार, मुलगी नापास झाली तर तिच्या घरी जा. तिला बोल लावायला सगळं गाव असतं.

आमच्या चाळीस हजारांचा शेवटचा हप्ता गेल्या महिन्यात फिटला. ताईंनी पैसे मोजून टेबलावर ठेवले आणि आम्ही पावती केली. त्याच बैठकीत दुसरं कर्ज मागायला कोण आलं माहीत आहे? त्याच काकू. त्यांच्या नातीला आयटीआयला जायचंय, वेल्डरला. आम्ही विचारलं, "काकू, हात काळे होतील की!" त्या म्हणाल्या, "होऊ देत. साबण आहे घरात."

यंदा हात वर करायला सांगितलं तेव्हा बाराच्या बारा जणींचे हात वर गेले. आणि नातीचे दाखले मार्चमध्येच काढून ठेवलेत.

एवढं बोलून थांबतो. गिरणीवर जाताना पदर खोचा. राम राम.